चकमकीची रायफल: लॉक दुरुस्त करू की नवीनच बसवू?

ठिणगी_उडेना
मंडळी, सल्ला हवाय. माझ्याकडे चकमकीवर चालणारी ठासणीची रायफल आहे. पुराणवस्तू वगैरे नाही. जुन्या लाँग रायफलच्या धर्तीवर अलीकडे घडवलेली, ०.५० कॅलिबर, दुहेरी चाप. दोन-तीन हातांतून फिरत माझ्याकडे आलीय, कागदपत्रं रीतसर आहेत.

दुखणं असं: दहा वेळा घोडा सोडला तर पाच-सहा वेळा बार होतो. उरलेल्या वेळी कधी ठिणगीच पडत नाही, कधी रंजक (बाजूच्या प्याल्यातली पेटवणीची दारू) भस्सकन जळते आणि नळीतली दारू ढिम्म. परवा तिसराच प्रकार झाला. चाप ओढला, घोडा सुटला आणि मध्येच खट्‌ करून थांबला. हाताने मागे घेऊन पुन्हा ओढला तर नीट गेला.

रेंजवरचा एक जण म्हणाला, 'लॉक गेलंय, नवीन टाक.' (लॉक म्हणजे बाजूच्या पट्टीवरची सगळी यंत्रणा: घोडा, त्याच्या जबड्यातली गार म्हणजे चकमकीचा दगड, रंजक ठेवायचा प्याला, आतल्या स्प्रिंगा. घरी 'लॉक बदलायचंय' म्हटल्यावर 'किल्ली हरवली का?' असं विचारलं गेलं, म्हणून खुलासा.) टाकू का नवीन?

तोंडपाटील
आधी गार बदला हो. निम्मी दुखणी गारेचीच असतात.

बोरूबहाद्दर
+१ वरच्याला.

जुनी_कानस
गार बदलून पाहाच, पण तुम्ही तीन वेगळे रोग एका दमात सांगितलेत. ठिणगी न पडणं हा गार आणि फ्रिझनमधला मामला. (फ्रिझन म्हणजे प्याल्यावरची ती पोलादी झडप, जिच्यावर गार आपटते.) रंजक जळून बार न होणं हा कानाचा मामला, म्हणजे नळीच्या बाजूच्या भोकाचा. आणि घोडा मध्येच अडकणं हे लॉकच्या पोटातलं दुखणं. पहिली दोन कोणालाही होतात. तिसरं मला आवडलेलं नाही. त्याचा उलगडा होईपर्यंत रायफल भरू नका.

एक गैरसमज आधी काढून टाकतो, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. ठिणगी गारेतून निघत नाही. गार म्हणजे रंध्याचं पातं. ती फ्रिझनच्या पोलादाचा बारीक कीस काढते, तो कीस घासला जाताना तापतो आणि हवेत पेटतो. म्हणून फ्रिझन मऊ असेल तर जगातली उत्तम गार लावली तरी नुसते ओरखडे पडतील.

आता हे करा. गज नळीत घालून बंदूक रिकामी आहे याची खात्री करा. (माझ्या गजावर रिकाम्या नळीची खूण कोरलेली आहे. खूण तोंडाशी आली नाही तर आत काहीतरी आहे.) मग अंधाऱ्या खोलीत, प्याला रिकामा ठेवून घोडा सोडा आणि ठिणग्या बघा. पांढऱ्या, सळसळत प्याल्यात पडणाऱ्या चांगल्या. लालसर, दोन-चार, लगेच विझणाऱ्या वाईट. नंतर एक बारीक कानस फ्रिझनच्या कडेला हलकेच फिरवा. घसरली तर पोलाद कडक आहे, चावली तर मऊ. शेवटी घोडा अर्ध्यावर (म्हणजे चाप ओढूनही सुटू नये अशा मधल्या टप्प्यावर) ठेवा, चाप ओढा आणि घोडा अंगठ्याने पुढे दाबा. तो तसूभरही हलता कामा नये.

सांजवात
गार कशी लावलीय तेही बघा. माझं पहिलं वर्ष त्यातच गेलं. धातूच्या जबड्यात गार नुसती आवळायची नाही, कातड्याच्या तुकड्यात गुंडाळायची. मागे स्क्रूसाठी कातड्याला छोटी खाच पाडली की गार हवी तेवढी मागे सरकते. घोडा अर्ध्यावर असताना गारेचं टोक मिटलेल्या फ्रिझनपासून दोन-तीन मिलिमीटर लांब हवं. धार फ्रिझनला पूर्ण रुंदीभर एकदम टेकायला हवी. एक कोपरा आधी लागला तर तेवढाच कीस निघतो.

आघात फ्रिझनच्या खालून साधारण दोन तृतीयांश उंचीवर व्हायला हवा. तिथून गार खरवडत खाली येते आणि फ्रिझन उघडल्यावर तिची धार थेट प्याल्याकडे रोखलेली असते. फार वर लागली तर ती उसळते, फार खाली लागली तर खरवडायला जागाच उरत नाही. गारेचा उतार वर ठेवायचा की खाली, यावर भांडणं करू नका. उलटी करून बघा आणि ज्या बाजूने जास्त ठिणग्या पडतील ती ठेवा.

कातड्याऐवजी शिशाची पट्टी लावायचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका. लष्करी मस्केटच्या दणकट घोड्याला शिसं चालायचं. रायफलच्या नाजूक घोड्यावर ते वजन नको.

ठिणगी_उडेना
सगळं करून पाहिलं. ठिणग्या लालसर, मोजून तीन. कानस चक्क चावते. आणि अर्ध्या घोड्यावर अंगठ्याने दाबल्यावर पहिल्यांदा टिकला, दुसऱ्यांदा टिकला, तिसऱ्यांदा फटकन पुढे गेला! बंदूक रिकामी होती म्हणून बरं. अंगावर काटा आला.

लॉक बाहेर काढून आत बघतो. कसं काढायचं?

जुनी_कानस
घाई नाही. आधी गार काढून ठेवा. लॉक काढताना घोडा एरवी अर्ध्यावर ठेवतात, पण तुमचा भरवशाचा नाही, तेव्हा खाली सोडूनच काढा. मागचा चाप ताणलेला नसावा.

दुसऱ्या बाजूने येणारे लॉकचे स्क्रू दोन-तीन आटे सैल करा, पूर्ण काढू नका. मग स्क्रूच्या डोक्यावर लाकडी मुठीने हलकं ठोका, एकदा पुढच्यावर, एकदा मागच्यावर. लॉक सरळ वर उचललं जातं. पेचकस खुपसून पट्टी उचकटलीत तर लाकडाची कड ढलपीसकट येईल. नव्याण्णव जण पेचकसच खुपसतात.

स्क्रूच्या खाचेत घट्ट बसेल असाच पेचकस घ्या. आणि आतलं काही उघडू नका, फोटो टाका. मोठी स्प्रिंग पकडीने काढायला गेलात तर स्प्रिंग मोडते किंवा बोट. तिच्यासाठी छोटा शिकंजा मिळतो. तसंच, बाहेर काढलेल्या लॉकचा घोडा हातात धरून फटकन सोडायचा नाही. अंगठ्याने धरून हळू खाली आणायचा.

ठिणगी_उडेना
काढलं. फोटो टाकतोय. आत काळं, चिकट, डांबरासारखं काहीतरी माखलेलं आहे. टंबलरला दोन खाचा दिसतात. त्यातली खोल खाच अर्ध्या घोड्याची ना? तिचा ओठ तुटल्यासारखा वाटतो. शिवाय टंबलरवर एक छोटीशी रिकामी खोबण आहे, तिच्यात काहीच नाही.

जुनी_कानस
सापडला चोर! त्या रिकाम्या खोबणीत फ्लाय असायला हवा होता.

नव्या लोकांसाठी जरा सावकाश सांगतो. टंबलर म्हणजे घोड्याच्या आसावर आतून बसलेली चकती. तिच्यावर दोन खाचा: एक पूर्ण घोड्याची, एक अर्ध्याची. सिअर नावाच्या दांडीचं नाक त्या खाचेत अडकतं. चाप ओढला की सिअर उचललं जातं, नाक खाचेतून निघतं आणि मोठी स्प्रिंग टंबलर फिरवते. फिरताना अर्ध्या घोड्याची खाच सिअरच्या नाकासमोरून जाते. साध्या चापात बोट अजून चापावर दाबलेलं असतं, सिअर वर धरलेलं राहतं, त्यामुळे नाक त्या खाचेत पडत नाही.

दुहेरी चापाचं तसं नाही. मागचा चाप ताणून ठेवलेला असतो आणि पुढच्याला बोट लागताच तो सिअरला एक टिचकी मारून मोकळा होतो. टिचकी संपली की सिअर लगेच खाली येतं, तोवर टंबलर अर्धाच फिरलेला असतो. नाक धाडकन अर्ध्या खाचेत. ते होऊ नये म्हणून टंबलरमध्ये एक इवलासा हलता तुकडा बसवतात, तो खाच ओलांडेपर्यंत नाकाला वरून सरकवत नेतो. तोच फ्लाय. तांदळाच्या दाण्यापेक्षा लहान. लॉक उघडलं की कधी पडतो ते कळतही नाही.

आधीच्या कुणीतरी लॉक उघडलं, फ्लाय हरवला आणि तसंच जोडलं. मग दर काही बारांमागे सिअरचं नाक मोठ्या स्प्रिंगच्या पूर्ण जोराने त्या खाचेवर आदळत राहिलं. ओठ तुटला तो त्यानेच. आता तुमचा अर्धा घोडा म्हणजे नुसता दिखावा आहे.

रेतघड्याळ
थोडा वेगळा सूर लावतो. नवीन टंबलर आणि सिअर घातलं, फ्रिझनला पुन्हा पाणी दिलं की तेच लॉक उभं राहील. मी एकाचं फ्रिझन घरच्या भट्टीत केलंय. लोहचुंबक चिकटेनासा होईपर्यंत तापवलं, तेलात बुडवलं, मग तासभर २०० अंश सेल्सिअसच्या आसपास ठेवून पाणी थोडं उतरवलं. खालचा पाय, म्हणजे स्प्रिंगवर सरकतो तो भाग, जास्त उतरवायचा, नाहीतर काचेसारखा तुटतो. आज चार वर्षं ठिणग्या झडतायत.

जुनी_कानस
फ्रिझनबद्दल पटलं, पण एका अटीवर. त्या पोलादात पुरेसा कार्बन असेल तरच ते पाणी घेतं. साधं लोखंड असेल तर कितीही बुडवा, मऊ ते मऊ. मग वरून कार्बन मुरवून कातडी कडक करावी लागते आणि ती पातळ कातडी गार काही काळात खाऊन टाकते. किंवा जुन्या कारागिरांसारखा कडक पोलादाचा पत्रा फ्रिझनला जडवायचा. चपलेला नवा तळ लावतात तसा. उत्तम इलाज, पण तो करणारा हात हवा.

टंबलर-सिअरचं मात्र नाही पटत. त्या लॉकचे सुटे भाग बनवणाऱ्याकडे मिळाले तरी घासून बसवावे लागतात. खाचेचा कोन केसभर चुकला की घोडा आपोआप सुटेल. वेल्ड करून खाच पुन्हा कोरणं तर माझ्यासारख्या चाळीस वर्षं कानस चालवणाऱ्यालाही नको वाटतं. फ्रिझन मऊ, टंबलर तुटका, फ्लाय गायब. इथे माझं मत नवीन लॉकला.

मात्र रायफल खरोखर जुनी असती तर उलटं सांगितलं असतं: हात लावू नका, भिंतीवर ठेवा.

बोरूबहाद्दर
अवांतर: खाचा टंबलरवर आणि सिअर उभ्या दिशेने हलणारं, ही रचना फ्रान्समध्ये १६१० च्या सुमारास मारँ ल बूर्ज्वा याने घडवली असं मानतात. आधीच्या स्नॅपहॉन्स नावाच्या चकमकी लॉकमध्ये फ्रिझन आणि प्याल्याचं झाकण वेगवेगळं असायचं, इथे दोन्ही एकच झालं. पुढे १८०७ मध्ये स्कॉटलंडच्या फोर्सिथ नावाच्या पाद्र्याने आघाताने पेटणाऱ्या रसायनाने बार उडवण्याचं पेटंट घेतलं आणि गारेचे दिवस भरत आले. त्याला म्हणे प्याल्यातला धूर बघून पक्षी उडून जायचे याचा त्रास होता.

तोंडपाटील
म्हणजे सगळं पक्ष्यांमुळे.

पटाशी
लाकूडकाम करणारा म्हणून बोलतो, कारण लॉक बदलणं हे लोखंडाचं कमी आणि लाकडाचं जास्त काम आहे.

विकत घेण्याआधी जुनी पट्टी कागदावर ठेवून तिची रूपरेषा काढा. नवीन पट्टी तेवढीच किंवा किंचित मोठी हवी. मोठी असेल तर लाकूड तासता येतं. लहान असेल तर फट राहते आणि ती कायम डोळ्यात खुपते. त्याच कागदावर कानाची जागा मांडा, कारण नळीवरचं भोक हलत नाही, प्यालाच त्याच्यासमोर यावा लागतो. भोक प्याल्याच्या लांबीच्या मध्याशी आणि उंचीत प्याल्याच्या वरच्या कडेच्या रेषेवर हवं. ते प्याल्याच्या तळाशी गेलं तर रंजकेच्या ढिगाखाली बुजतं. मग दारू वातीसारखी सुरसुरत जळते, झटकन पेटत नाही. आणि दुहेरी चाप आहे, तेव्हा 'टंबलरमध्ये फ्लाय आहे ना?' हे लिहून विचारा.

बसवताना नळी दस्त्यात पक्की बसलेली असू द्या. प्याल्याची आतली कड नळीला बिलगली पाहिजे. तिथे फट राहिली की रंजक आत गळते, आणि ती लॉकच्या पोटात पेटते.

नवीन लॉक पूर्ण उघडा: आधी मोठी स्प्रिंग, मग सिअरची स्प्रिंग, मग सिअर आणि ब्रायडल (टंबलरला आतून आधार देणारी पट्टी), घोडा, शेवटी टंबलर. फ्लाय लगेच डबीत! नुसती पट्टी आधी बसवा. पट्टीच्या मागे दिव्याची काजळी धरा, जागेवर दाबा, उचला. लाकडावर जिथे काळं उमटलं तेवढंच तासा. पुन्हा काजळी, पुन्हा दाबा. पन्नास वेळा करावं लागलं तरी करा. पट्टी बसली की आतला एकेक भाग चढवत तेच करत जायचं.

एक चूक सगळ्यांकडून होते: भराभर लाकूड काढून प्रशस्त खोली करणं. लॉकभोवतीचं लाकूड मुळातच कागदासारखं पातळ असतं.

ठिणगी_उडेना
लॉक आलं! घोडा मागे घेतला की अर्ध्यावर एक आणि पूर्णवर एक असा टक्‌-टक्‌ काय आवाज येतो. पट्टी जुन्यापेक्षा मागच्या टोकाला दोन मिलिमीटर लांब. काजळीचे प्रयोग सुरू. बोटं, टेबल, चहाचा कप, सगळं काळं.

ठिणगी_उडेना
आठवड्याची मेहनत आणि आता रडकुंडीला आलोय. पट्टी सुरेख बसली, कान प्याल्यासमोर बरोबर मध्ये, स्क्रूचं भोकही पाडून आटे पाडले. हातात धरलं तर लॉक घड्याळासारखं चालतं. दस्त्यात बसवून स्क्रू आवळले की पूर्ण घोड्यावर टिकतच नाही. माझ्याच हातून बिघडलं का?

पटाशी
लॉक बिघडलेलं नाही, लाकूड त्याला श्वास घेऊ देत नाहीये. हातात चालतं आणि दस्त्यात चालत नाही, याचा अर्थ आत काहीतरी टेकतंय. आधी स्क्रू अर्धा आटा सैल करून बघा. टिकायला लागलं तर नक्कीच.

सिअरचा आडवा दांडा लाकडातल्या एका भोकात शिरतो. त्या भोकात तो वर-खाली मोकळा हलायला हवा. दांड्याच्या टोकाला आणि खालच्या बाजूला काजळी लावा, लॉक बसवा, घोडा हळूच मागे घ्या, पुन्हा काढा. डाग कुठे पडतो ते सांगा. चापाची पाती दांड्याला खालून टेकते का तेही बघा. घोडा चढवलेला असताना दोघांत एखाद्या पोस्टकार्डाची जाडी तरी मोकळी हवी. नाहीतर चाप सिअरला कायम वर ढकलत राहतो आणि नाक खाचेत पूर्ण बसत नाही.

हे जाता जाता सांगण्याचं नाही: दमट हवेत लाकूड फुगलं की हाच दोष पुन्हा उगवतो. तेव्हा आज जेमतेम मोकळं करू नका, थोडी सवड ठेवा. आणि तासून झालं की उघड्या लाकडाला आतून तेल किंवा वॉर्निश द्या.

ठिणगी_उडेना
दांड्याच्या टोकाला डाग! भोकाचा तळ टेकत होता. अर्धा मिलिमीटर खोल केलं आणि आता स्क्रू पूर्ण आवळूनही टिकतंय. अर्ध्या घोड्यावर अंगठ्याने तीस वेळा दाबलं, हललं नाही. अंधारात पाहिलं तर ठिणग्यांचा नुसता सडा.

आता निगा कशी राखू? आधीचं ते डांबर पुन्हा नको.

सांजवात
ते डांबर म्हणजे काळ्या दारूची राख अधिक पेट्रोलियमचं तेल. काळी दारू जळली की निम्म्याहून जास्त वजन घन अवशेष म्हणून मागे राहतं. त्यातले पोटॅशियमचे क्षार हवेतलं पाणी ओढतात आणि एका रात्रीत लोखंड तांबूस होतं. हे क्षार पाण्यात विरघळतात, तेलात नाही. म्हणून आधी पाणी, मग तेल. लोक उलटं करतात.

प्रत्येक वेळी: गार काढून किंवा फडक्यात गुंडाळून प्याला, फ्रिझन, घोड्याचा जबडा ओल्या फडक्याने पुसा. कोमट पाण्यात साबणाचा थेंब पुरे. कान बारीक तारेने मोकळा करा. कोरडं करा, मग तेलाचा हात. दोन-तीन वेळांमागे लॉक बाहेर काढून जुन्या टूथब्रशने आतून धुवा, नीट वाळवा, टंबलरच्या आसाला आणि फ्रिझनच्या स्क्रूला एकेक थेंब, सिअरच्या नाकाला कणभर ग्रीस. जास्त नको. ठेवताना घोडा खाली, म्हणजे मोठी स्प्रिंग ताणलेली राहत नाही.

आणि भरण्याआधी फ्रिझनचा चेहरा, गार आणि प्याला स्पिरिटने पुसा. तेलकट फ्रिझन ठिणगी देत नाही.

रेतघड्याळ
कोमट कशाला, उकळतं घ्या. लोखंड तापतं, पाणी आपोआप उडून जातं.

सांजवात
आणि वाळता वाळता गंजाचा पातळ थर चढतो. दोन्ही करून पाहिलंय, आता कोमटच.

जुनी_कानस
दोघांचीही लॉकं चालतायत, सोडा. दोन गोष्टी जोडतो. दारू खरी काळीच वापरा. पर्यायी मिळते ती पेटायला जास्त उष्णता मागते, टोपीच्या (आघाताने पेटणारी टोपी लावायच्या) बंदुकीत चालते, चकमकीत रडवते. आणि रंजक प्याल्याच्या तिसऱ्या हिश्शापेक्षा जास्त नको, कानापासून किंचित दूर. जास्त घातली की जास्त पेटते हा भ्रम आहे.

बार झाला नाही तर नळी लक्ष्याकडेच धरून एक मिनिट तरी थांबा. दारू आत धुमसत असू शकते. उजव्या बाजूला कोणी उभं राहू देऊ नका, कानातून आडवा जाळ येतो. डोळ्यांवर चष्मा हवाच, गारेला पितळी कांडीने टिचक्या मारून धार काढतानाही.

ठिणगी_उडेना
काल रेंजवर गेलो. वीस बार, एकोणीस लागोपाठ. विसावा नव्हे, पहिलाच फसला: प्याला स्पिरिटने पुसला, पण कानात तेल राहिलं होतं. तार फिरवली आणि पुढचे एकोणीस सुरळीत. रंजक आणि बार यांच्यातलं अंतर आता ऐकूच येत नाही, एकच आवाज होतो. धन्यवाद मंडळी.

एक सांगायचं राहिलं. सिअरचं भोक खोल करताना पटाशीच्या धारेला दात पडला. तळाच्या डांबरात काहीतरी कडक होतं. सुईने टोकरून काढलं, रॉकेलमध्ये धुतलं. तांदळाच्या दाण्यापेक्षा लहान, एका टोकाला गोल. जुन्या टंबलरच्या रिकाम्या खोबणीत ठेवून बघितलं. चपखल बसला.

जुनी_कानस
म्हणजे हरवला नव्हताच, तिथेच पडून होता! जुन्या लॉकसोबत डबीत ठेवा. आणि पटाशी पुन्हा परजून घ्या.